तालीम, हाडवैद्य आणि भौतिकोपचार : दुखावलेल्या मल्लाच्या पुनर्घडणीचा मराठी इतिहास

जबलपूरहून नागपूरकडे जाणारा रस्ता तिलवारा येथे नर्मदा ओलांडतो. मार्च १९३९ मध्ये त्रिपुरी काँग्रेसचे अधिवेशन याच परिसरात भरले आणि १९४८ मध्ये महात्मा गांधींच्या अस्थींचा काही अंश तिलवारा घाटावर नर्मदेत विसर्जित करण्यात आला, एवढ्या दोन घटनांवर या स्थळाची इतिहासग्रंथांतील ओळख बहुधा संपते. मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र या रस्त्याला आणखी एक अर्थ आहे. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे गोंड राज्य जिंकले, १७९८ मध्ये तो प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ मध्ये इंग्रजांच्या हाती गेला. १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती होऊन नागपूर ही राजधानी झाली. तेव्हापासून १९५६ पर्यंत जबलपूरचा कारभार नागपुराशी बांधलेला होता. आधी फौजेबरोबर आणि नंतर कचेऱ्या, शाळा व दवाखाने यांच्याबरोबर मराठी माणसे या वाटेने नर्मदाकाठी आली. त्यांच्यासाठी घाटावरचा आखाडा ही काही अनोळखी गोष्ट नव्हती; घरी तिलाच ते तालीम म्हणत.

याच रस्त्यावर शहर आणि घाट यांच्या दरम्यान जबलपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेला पुढे नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव देण्यात आले. त्रिपुरी अधिवेशनाला तापाने फणफणलेल्या अवस्थेत आलेल्या अध्यक्षांचे नाव वैद्यकविद्येच्या संस्थेला लाभावे, हा योगायोगही लक्षणीय म्हणावा लागेल. एका बाजूला नदी, माती, तेल आणि मालिश यांची घाटावरची परंपरा, तर दुसऱ्या बाजूला क्ष-किरण, शस्त्रक्रिया आणि भौतिकोपचार यांची रुग्णालयीन परंपरा अशी ही मांडणी एकट्या जबलपूरची नाही. कोल्हापूर, बडोदे, अमरावती, पुणे अशा ज्या ज्या ठिकाणी मराठी व्यायामपरंपरा रुजली, त्या प्रत्येक ठिकाणी दुखावलेला मल्ल या दोहोंमध्ये हेलपाटे घालत आला आहे. या हेलपाट्यांचा इतिहास सलगपणे लिहिला गेलेला नाही. व्यायामाच्या इतिहासकारांनी कुस्त्यांचे निकाल नोंदवले, वैद्यकाच्या इतिहासकारांनी रुग्णालयांची स्थापनावर्षे नोंदवली. मधला माणूस दोघांच्याही हातून निसटला.

प्रारंभी ‘पुनर्वसन’ या शब्दाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. नर्मदाकाठी हा शब्द उच्चारला की प्रथम आठवते ते बर्गी धरण. जबलपूरच्या वरच्या अंगाला, १९९० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाच्या जलाशयाने शंभराहून अधिक गावांना झळ पोहोचवली. मराठीतही कोयनेपासून हा शब्द धरणग्रस्तांच्या संदर्भात रुळला आहे. वैद्यकीय परिभाषेने तोच शब्द दुखापतीनंतरच्या उपचारांसाठी उचलला, तेव्हा त्याची ही छटाही आपोआप सोबत आली. आणि ती अस्थानी नाही. विस्थापिताला भूखंड मिळाला म्हणजे त्याचे गाव वसले असे होत नाही, हे धरणग्रस्त जाणतात. हाड जुळलेल्या मल्लाचीही स्थिती तशीच असते. त्याचा हात आता मोडलेला नसतो, परंतु तो हात अद्याप मल्लाचाही नसतो. या मधल्या अवस्थेतून शरीराला पूर्वीच्या कसाला आणण्याच्या क्रियेला येथे ‘पुनर्घडण’ असे म्हटले आहे. दुखापत बरी करणे आणि शरीर पुन्हा घडवणे ही दोन वेगळी कामे आहेत. मराठी प्रदेशात ही दोन्ही कामे एकेकाळी एकाच माणसाच्या हाती होती, पुढे त्यांची फारकत झाली आणि दुसऱ्या कामाला दीर्घकाळ कोणी वाली उरला नाही, असे उपलब्ध इतिहासावरून दिसते.

या दोन कामांची जाण भारतीय वैद्यकाला प्राचीन काळापासून होती. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात सांधा निखळण्याचे सहा आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार सांगितले आहेत. चिकित्सास्थानातील भग्नचिकित्सेच्या अध्यायात मोडलेल्या अवयवाला आधार देण्यासाठी औदुंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड इत्यादी वृक्षांच्या साली व बांबू यांचा उपयोग सांगितला असून बंध किती दिवसांनी सोडावा याचे ऋतुमानानुसार नियम दिले आहेत. बंध सैल राहिल्यास सांधा स्थिर होत नाही आणि फार आवळल्यास सूज, वेदना व पू होतो, म्हणून तो मध्यम असावा, हा इशाराही तेथे आहे. तथापि या अध्यायातील सर्वांत मोलाचा भाग तळहाताच्या अस्थिभंगाविषयीचा आहे. हाड सांधल्यानंतर रुग्णाने त्या हाताने आधी शेणाचा गोळा धरावा, मग मातीचा गोळा धरावा, आणि हातात बळ आल्यावर दगड धरावा, असा क्रम तेथे सांगितला आहे. शेण बोटांना विरोध करीत नाही, माती थोडा करते, दगड दबतच नाही. विरोध क्रमाक्रमाने वाढवत नेऊन स्नायूंत बळ आणण्याचे हे तत्त्व आधुनिक वैद्यकात दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस नव्याने मांडले गेले. थॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टराने गुडघा दुखावलेल्या सैनिकांना वाढत्या वजनांचे व्यायाम दिले आणि त्याची पद्धती १९४५ मध्ये प्रसिद्ध केली. डीलॉर्म स्वतः वजने उचलण्याचा शौकीन होता, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते. व्यायाम करणाऱ्या माणसालाच व्यायामातील औषध दिसले. याचा अर्थ सुश्रुताने सारे आधीच शोधले होते असा करण्याची घाई मात्र करू नये. तळहाताच्या एका भग्नासाठी दिलेला क्रम सर्व शरीराला लागू करणारे शास्त्र पुढच्या ग्रंथकारांनी उभारले नाही. ते बीज ग्रंथातच राहिले.

मल्लविद्येच्या ग्रंथांत नेमकी उलट परिस्थिती आढळते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त मल्लविनोदाचे प्रकरण आहे. मल्लांच्या प्रतवाऱ्या, त्यांचा आहार आणि त्यांचे ‘श्रम’ यांचे तेथे तपशीलवार वर्णन येते. भार उचलणे, चालणे, पाण्यात पोहणे, खांबावरचा व्यायाम असे या श्रमांचे प्रकार आहेत. आजचा भौतिकोपचारतज्ज्ञ गुडघ्याच्या रुग्णाला चालणे, पाण्यातील व्यायाम आणि मग भार याच वाटेने नेतो. मोढेऱ्याच्या ज्येष्ठीमल्लांशी निगडित असलेले ‘मल्लपुराण’ १९६४ मध्ये बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने प्रकाशित केले. त्यातही व्यायामाचे प्रकार आणि ऋतुमानानुसार आहार यांचा ऊहापोह आहे. थोडक्यात, वैद्यकाच्या ग्रंथांत दुखापत आहे आणि मल्लविद्येच्या ग्रंथांत शरीर घडवणे आहे. दोहोंची गाठ पडली ती ग्रंथांबाहेर, तालमीत.

तालमीतील वस्ताद हा केवळ डावपेच शिकवणारा गुरू नव्हता. पोराचा खांदा निखळला तर तो बसवणे, घोटा मुरगळला तर आंबेहळद आणि रक्त्याबोळ यांचा लेप घालणे, उसण भरली तर अंग रगडणे ही कामे वस्ताद करी, किंवा तालमीशी बांधलेला हाडवैद्य करी. पुष्कळदा हे दोघे एकच असत. मल्लविद्या आणि सांधे बसवण्याचे कसब यांची ही जोडी महाराष्ट्रापुरती मर्यादित नव्हती. म्हैसूरकडील जेट्टी हे परंपरागत मल्ल सांधे बसवण्याच्या कौशल्याबद्दलही प्रसिद्ध होते. याचे कारण उघड आहे. कुस्तीत सांधा कुठवर वळतो आणि कुठे निखळतो हे ज्याला कळते, त्यालाच तो परत बसवताही येतो.

लेपानंतर जे घडे, ते अधिक महत्त्वाचे होय. दुखावलेला पैलवान तालीम सोडून घरी बसत नसे. त्याला हौद्याच्या कडेला बसवून इतरांच्या कुस्त्या पाहायला लावत. मग हलके चालणे, मोजक्या बैठका, हलकी जोडी फिरवणे, हौद्यातील तांबडी माती उकरणे व कालवणे, त्यानंतर लहान पोरांना अंगावर घेणे आणि सर्वांत शेवटी बरोबरीच्या जोडीदाराशी झोंबणे, असा हा प्रवास असे. मातीच्या प्रत्येक फावड्यात खांदे, कंबर आणि पाय एकदम कामाला लागतात, हे वस्तादाला पुस्तकातून शिकावे लागले नाही. खुराकही त्या मानाने कमी केला जाई, कारण मेहनत थांबली आणि दूध-तूप चालूच राहिले की अंग सुटते, हे सर्वांना ठाऊक होते. या सगळ्या क्रमाला तालमीच्या भाषेत स्वतंत्र नाव नाही. नाव नसल्यामुळे तो कोणी लिहून ठेवला नाही, आणि लिहून न ठेवल्यामुळे पुढे तो कोणी शिकवला नाही. मराठीत डावांना शेकडो नावे आहेत; दुखापतीनंतरच्या या सहा-सात पायऱ्यांना एकही नसावे, हे आपल्या परिभाषेचे मोठे वैगुण्य होय.

या परंपरेचे गुणगान करताना तिच्या दोषांकडे डोळेझाक करणे इतिहासाला शोभणारे नाही. बांबूच्या कामट्या आवळून बांधल्यामुळे रक्तप्रवाह थांबून हात किंवा पाय गमावण्याची पाळी आलेले रुग्ण अस्थिरोगतज्ज्ञांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहेत. बंध मध्यम असावा हा सुश्रुताचा इशारा विसरला गेल्याचाच हा परिणाम. कोपराच्या ताज्या दुखापतीवर जोरकस मालिश केल्यास स्नायूंत हाड धरते आणि कोपर कायमचे आखडते, हेही आता निर्विवाद सिद्ध झाले आहे. गुडघ्यातील तुटलेला बंध किंवा फाटलेली गादी लेपाने सांधत नाही. हाडवैद्याला निखळलेला सांधा हाताला कळे, तुटलेला बंध कळत नसे, आणि जे कळत नाही त्यावरही तो हात चालवी. रुग्णालयीन वैद्यकाने हाडवैद्याला दूर सारले ते या कारणांसाठी, आणि ते योग्यच होते. मात्र हाडवैद्याबरोबर वस्तादाच्या त्या निनावी पायऱ्याही दूर सारल्या गेल्या.

ही फारकत टळण्याची शक्यता विसाव्या शतकाच्या आरंभी बडोद्यात निर्माण झाली होती. सयाजीराव गायकवाडांच्या राजधानीत जुम्मादादांची व्यायामशाळा होती. त्यांचे शिष्य राजरत्न प्रा. माणिकराव यांनी पुढे ती नावारूपाला आणली. सांघिक व्यायामाच्या देशी आज्ञा, लाठी, मल्लखांब यांतील त्यांचे कार्य सुपरिचित आहे. हाडवैद्य म्हणूनही त्यांची ख्याती होती, आणि व्यायामशाळेत शिकायला येणाऱ्यांबरोबर मोडलेले हातपाय घेऊन येणारेही तेथे असत. १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथ गणेश गुणे हा तरुण माणिकरावांकडे शिकला. हेच पुढचे स्वामी कुवलयानंद. नंतर त्यांनी नर्मदेच्याच काठावरील, परंतु तिलवाऱ्यापासून कित्येक कोस खाली गुजरातेत असलेल्या मालसर येथील परमहंस माधवदास यांच्याकडे योगाचे शिक्षण घेतले. कुवलयानंदांचे वेगळेपण असे की गुरूकडून मिळालेल्या क्रिया त्यांनी जशाच्या तशा स्वीकारल्या नाहीत. क्ष-किरण यंत्र आणि दाब मोजण्याची साधने घेऊन त्यांनी त्यांची परीक्षा केली. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन झाले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक निघाले. १९६३ मध्ये डॉ. विनेकर यांच्यासह लिहिलेला त्यांचा यौगिक चिकित्सेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

कुवलयानंदांच्या ठिकाणी तालीम, प्रयोगशाळा आणि चिकित्सा तिन्ही एकत्र आल्या होत्या. वस्तादाच्या ज्ञानाला मोजमापाची जोड देणारा याहून योग्य पुरुष मराठी प्रदेशात दुसरा नव्हता. परंतु त्यांचा रोख पोट, श्वास आणि मज्जासंस्था यांच्या विकारांकडे होता; मल्लाचा गुडघा त्यांच्या प्रयोगशाळेचा विषय झाला नाही. बडोद्यातच दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड सिद्ध केले. एवढ्या विस्ताराचा व्यायामकोश त्या काळी दुसऱ्या भारतीय भाषेत झाला नाही. आज हे खंड ग्रंथालयांच्या मागच्या फळ्यांवर धूळ खात पडले आहेत. शारीरिक शिक्षण आणि अस्थिवैद्यक या दोन्ही विद्याशाखांतील मराठी अभ्यासकांनी ते एकत्र बसून वाचले, तर पुनर्घडणीच्या परिभाषेचा प्रश्न बराच सुटेल, असे म्हणावयास हरकत नाही.

युरोपात याच टप्प्यावर काय घडले, याची तुलना उद्बोधक आहे. स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोमला व्यायामशिक्षणाची मध्यवर्ती संस्था काढली. तेथे तलवारबाजी आणि कवायत यांच्याबरोबर वैद्यकीय व्यायामही शिकवला जाई. त्या संस्थेतून बाहेर पडलेले व्यायामशिक्षकच पुढे युरोपातील पहिले भौतिकोपचारतज्ज्ञ ठरले. म्हणजे तेथे वस्तादाचे रूपांतर उपचारकात झाले, त्याला प्रमाणपत्र मिळाले आणि रुग्णालयात जागाही मिळाली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने, जे १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी स्थापन केले होते, १९३६ मध्ये बर्लिनला ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली आणि १९४९ मध्ये लिंगच्या स्मरणार्थ स्टॉकहोमला भरलेल्या महोत्सवातही आपला चमू पाठवला. मल्लखांब पाहून युरोपीय प्रेक्षक थक्क झाले असतील यात शंका नाही. लिंगच्या संस्थेकडून घेण्यासारखी गोष्ट कसरतीत नव्हती. ती व्यायामशाळा आणि रुग्णालय यांच्यामधल्या दारात होती. मुंबई इलाख्यात १९३८ मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षणसंस्था सुरू झाली. तिने शाळांना शिक्षक दिले, रुग्णालयांना नाही.

रुग्णालयांकडे भौतिकोपचार आला तो वेगळ्याच वाटेने. १९५२ मधील पोलिओच्या साथीनंतर १९५३ मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात भौतिकोपचाराचे विद्यालय सुरू झाले. जागतिक आरोग्य संघटनेचे त्याला साहाय्य होते. १९५५ मध्ये हाजी अलीला शारीरिक वैद्यक व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आली. पोलिओने लुळे पडलेले मूल, अपघातग्रस्त कामगार, पक्षाघाताचा रुग्ण हे या संस्थांचे पहिले मानकरी होते, आणि तसेच असायला हवे होते. खेळाडू या यादीत नव्हता. त्याची दुखापत ही त्याच्या हौसेची किंमत मानली जाई.

नेमक्या याच वर्षांत महाराष्ट्राच्या सर्वांत मोठ्या मल्लाची कारकीर्द गुडघ्यापाशी थांबली. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा दादासाहेब जाधव १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. हेलसिंकीच्या प्रवासासाठी गावोगाव वर्गणी गोळा झाली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले, ही कथा पश्चिम महाराष्ट्रात आजही अभिमानाने सांगितली जाते. १९५५ मध्ये खाशाबा पोलीस दलात फौजदार म्हणून रुजू झाले. मेलबर्नचे १९५६ चे ऑलिम्पिक त्यांच्या आवाक्यात होते, परंतु गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने त्यांची कुस्ती संपवली. तेव्हा ते तिशीत होते. मल्लाला परदेशी पाठवायचे तर त्यासाठी वर्गणी गोळा करायची, ही रीत समाजाला ठाऊक होती. मल्लाच्या गुडघ्यासाठी काय गोळा करायचे, हे ठाऊक नव्हते. पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली. तोवर दुखावलेल्या खेळाडूला पुन्हा मैदानात आणण्याची स्वतंत्र व्यवस्थाच देशात नव्हती. १९८४ मध्ये खाशाबांचे अपघाती निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला.

लष्करात मात्र चित्र निराळे होते, कारण जखमी शरीर पुन्हा कामाला लावणे ही लष्कराची रोजची गरज. खडकीची क्वीन मेरी तंत्रसंस्था पहिल्या महायुद्धातील अपंग सैनिकांसाठी १९१७ मध्ये निघाली, तर पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ मध्ये. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी विभाग उघडला. अशा रुग्णांना खिळून पडू न देता खेळायला लावायचे, हा त्यांचा आग्रह होता. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, तेथे सोळा अपंग सैनिकांनी तिरंदाजीची स्पर्धा खेळली. खाशाबा ज्या ऑलिम्पिकसाठी लंडनला गेले होते, त्याच्याच सावलीत पुढच्या पॅरालिम्पिकचा उगम होत होता.

त्या उगमाचे फळ एका मराठी सैनिकाच्या पदरात पडले. सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूरकडचे मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर त्यांच्या शरीरात अनेक गोळ्या घुसल्या आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. मुंबईच्या नौदल रुग्णालयात उपचार चालू असताना व्यायाम म्हणून त्यांना पाण्यात उतरवण्यात आले. पाण्यात शरीराचे वजन हलके होते, दुबळे स्नायूही हालचाल करू शकतात. ‘मानसोल्लासा’तील जलश्रमाला येथे उपचाराचे रूप आले. उपचार म्हणून सुरू झालेले पोहणे पुढे स्पर्धेचे झाले. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या पुढाकाराने अपंगांसाठी काम करणाऱ्या संस्थेने त्यांना साहाय्य केले. १९६८ मध्ये तेल अवीव येथे ते टेबल टेनिस खेळले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर मुक्तशैलीत ३७.३३ सेकंदांची नोंद करून त्यांनी भारताला पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवून दिले. पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडावे लागले. पेटकरांची दुखापत खेळातली नव्हती. तरीही या इतिहासात त्यांचे स्थान मध्यवर्ती आहे, कारण उपचार आणि शरीरघडण यांची फारकत त्यांच्या बाबतीत झाली नाही. रुग्णालयातून थेट तलावात आणि तलावातून स्पर्धेत, अशी सलग वाट त्यांना मिळाली. ती वाट लष्कराने आणि काही सुहृदांनी तयार केली होती.

यापुढील काळाचा धावता उल्लेख पुरेसा आहे, कारण तो सर्वांच्या स्मरणात आहे. सचिन तेंडुलकर यांच्या कोपराचे दुखणे २००४ मध्ये घरोघरच्या चर्चेचा विषय झाले आणि ‘टेनिस एल्बो’ हा शब्द मराठी वृत्तपत्रांत रुळला. त्या ऑक्टोबरात नागपूरच्या कसोटीत ते परतले, पण दुखणे गेले नव्हते. मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर काही महिने बॅट उचलणेही त्यांना अवघड होते, आणि ऑक्टोबर २००५ मध्ये पुन्हा नागपुरातच श्रीलंकेविरुद्ध त्यांनी ९३ धावा केल्या. एकाच मैदानावरील या दोन पुनरागमनांमधला फरक म्हणजे मधले वर्ष. शस्त्रक्रिया आणि तिच्यानंतरची संथ, कंटाळवाणी, मोजून-मापून केलेली मेहनत त्या वर्षात सामावली होती. ती करून घ्यायला संघाचा भौतिकोपचारतज्ज्ञ होता, आणि थांबायला सांगणाऱ्यांचे ऐकणे खेळाडूला परवडत होते.

तालमीतल्या पैलवानाला ते परवडत नाही. आज कोल्हापूर, सांगली किंवा सोलापूर भागातील मल्लाचा गुडघा गेला तर वस्ताद त्याला हाडवैद्याऐवजी शहरातील रुग्णालयात नेतो. तुटलेल्या बंधाच्या जागी नवा बंध बसवण्याची शस्त्रक्रिया जिल्ह्याच्या ठिकाणीही होते. नवा बंध रुजून पक्का व्हायला आणि मांडीचे स्नायू पूर्ववत व्हायला साधारणपणे नऊ महिने द्यावे लागतात. त्याआधी परतणाऱ्याचा गुडघा पुन्हा जाण्याचा संभव मोठा. परंतु गावोगावच्या जत्रांच्या कुस्त्यांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन वैशाखाच्या आसपास आटोपतो. पावसाळ्याच्या तोंडावर ज्याचा गुडघा गेला, त्याने वैद्यकशास्त्राचे ऐकायचे तर जवळजवळ सगळा हंगाम सोडावा लागतो. इनामाच्या रकमेवर त्याचा खुराक चालतो, कधी घरही चालते. म्हणून चौथ्या-पाचव्या महिन्यात, चालताना दुखत नाही एवढ्या आधारावर, तो लंगोट कसतो.

रुग्णालयाच्या कागदावर शस्त्रक्रियेची तारीख असते, औषधे असतात, पंधरा दिवसांच्या व्यायामाची चित्रे असतात. त्या पंधरा दिवसांनंतर पैलवान कोणाच्या देखरेखीखाली असेल, याचा रकाना त्या कागदावर सहसा नसतो. प्रत्यक्षात तो वस्तादाच्या देखरेखीखाली असतो. किती बैठका झाल्या, माती कोणी उकरली, कोणाला कोणाच्या अंगावर सोडायचे, हे अजूनही तोच ठरवतो. शल्यचिकित्सकाची आणि त्याची भेट क्वचितच होते.